ई-लिलाव आणि पैसे न देणारा खरेदीदार

‘उधारीचें पोतें सव्वा हात रितें’ ही म्हण आमचे आजोबा गुळाच्या अडत्याच्या ओट्यावर बसून शिकले; आमच्या मुलांवर तीच म्हण मोबाइलच्या पडद्यावर शिकण्याची पाळी आली आहे. भवानी पेठेंतील व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला, तोंडी पुकारा जाऊन त्याच्या जागीं संगणकावरील बोली येऊं लागली, रोख नोटांच्या ऐवजीं बँकेंतून पैसे जमा होऊं लागले. परंतु शेतकऱ्याच्या मनांतील मूळ प्रश्न जसाचा तसा उभा आहे. बोली मोठी लागली, हें खरें. पण पैसे कोण देणार आणि केव्हां देणार? या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा, असा आजच्या लेखाचा हेतु आहे.

१४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय कृषि बाजार, ज्यास लोक ‘ई-नाम’ या नांवानें ओळखतात, ही योजना सुरू केली. आरंभीं आठ राज्यांतील २१ बाजार तींत होते. आज देशांतील तेराशेंहून अधिक व आपल्या राज्यांतील शंभराहून अधिक बाजार तिला जोडले गेले आहेत. माल फाटकांतून आंत आला कीं त्याची नोंद होऊन त्यास क्रमांक मिळतो. त्याची प्रत तपासली जाते. व्यापारी आपापल्या जागेवरून पडद्यावर बोली लावतात. सर्वांत मोठी बोली शेतकऱ्यास पसंत पडली म्हणजे विक्रीपट्टी निघते. आणि खरेदीदारानें बँकेमार्फत शेतकऱ्याच्या खात्यांत रक्कम भरावयाची असते. भाव पसंत न पडल्यास विक्री नाकारण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे, आणि ती मोडून मागें जावें असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यांनीं रुमालाखालीं बोटें दाबून ठरणारे भाव पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांस उघड्या बोलीची किंमत निराळी सांगावयास नको.

ही उघडी बोली शेतकऱ्यास कोणी फुकट दिलेली नाहीं. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूस बाजाराचा कायदा झाला. पुढें शेतकीच्या शाही कमिशननें १९२८ सालीं सर्वच मालासाठीं असे बाजार असावेत अशी शिफारस केली. त्यानंतर १९३९ चा मुंबईचा कायदा व १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला. या सर्व खटपटीचे हेतु तीन होते: वजन खरें असावें, भाव उघड ठरावा, आणि पैसे वेळेवर मिळावेत. पहिल्या दोन गोष्टींत पुष्कळ मजल मारली गेली. तोलकांट्याची जागा इलेक्ट्रॉनिक कांट्यानें घेतली आणि बोली पडद्यावर आली. तिसरी गोष्ट मात्र अजून खरेदीदाराच्या भलेपणावरच सोडलेली आहे, असें आम्हांस कष्टानें म्हणावें लागतें.

एक उदाहरण देतों. आमच्या एका सभासद बंधूनें गेल्या हंगामांत ४० क्विंटल सोयाबीन एका बाजारांत ई-लिलावास लावलें. दुसऱ्या क्रमांकाची बोली क्विंटलास ४,४०० रुपये होती; एका परगांवच्या खरेदीदारानें ४,५२० रुपयांची बोली लावून लिलाव जिंकला. आमच्या बंधूंस आनंद झाला, हें सांगणें नको. परंतु जिंकणारा पुढें बोलेनासा झाला. पहिल्या दिवशीं ‘उद्यां भरतों’, दुसऱ्या दिवशीं ‘बँक बंद आहे’, तिसऱ्या दिवशीं फोन बंद. चार दिवस माल वखारींत पडून राहिला. इतक्यांत भाव उतरला आणि शेवटीं तोच माल ४,३१० रुपयांनीं द्यावा लागला. दुसऱ्या बोलीशीं ताडून पाहिल्यास क्विंटलामागें ९० रुपये, म्हणजे एकंदर ३,६०० रुपयांचें नुकसान झालें. वखारीचें भाडें व चार हेलपाटे निराळेच. ज्या बोलीनें हें नुकसान केलें ती बोली लावणाऱ्यास एक पैसाही पडला नाहीं! गोष्ट लहान आहे, परंतु सगळा रोग तींत दिसतो.

पैसे न देणाऱ्या खरेदीदाराच्या तीन जाती आम्हांस दिसतात, आणि तिघांवर औषध निराळें आहे. पहिला बोली लावून मागें सरतो. माल तो नेत नाहीं आणि पैसेही देत नाहीं. दुसरा माल नेतो व पैसे देत नाहीं. तिसरा पैसे दिल्याचें खोटें चित्र उभें करून माल नेतो. या तिघांस एकाच मापानें मोजल्यामुळें शेतकरी पहिल्यावर उगीच संतापतो, दुसऱ्यास उगीच मुदत देतो आणि तिसऱ्यास ओळखतच नाहीं.

पहिल्याविषयीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याप्रमाणें लिलावांत हातोडा पडेपर्यंत अथवा दुसऱ्या रूढ रीतीनें लिलाव पुरा होईपर्यंत बोली मागें घेतां येते. त्यानंतर घेतां येत नाहीं, कारण विक्री पुरी झालेली असते. पडद्यावरील लिलावांत हातोडा नसतो. घड्याळ संपतें आणि विक्रेता होकार देतो, हाच हातोडा समजावयाचा. तेव्हां मागाहून ‘माझी बोली चुकून लागली’ असें म्हणणाऱ्यास कायद्याचा आधार नाहीं. याच कायद्यानें पैसे न मिळालेल्या विक्रेत्यास तीन हत्यारें दिलीं आहेत, तीं आमच्या बंधूंनीं नीट लक्षांत ठेवावींत. उधारीचा करार नसेल तर पैसे मिळेपर्यंत माल आपल्या ताब्यांत अडवून ठेवण्याचा हक्क, हें पहिलें. खरेदीदाराचें दिवाळें वाजलें असल्यास वाटेंत असलेला माल थांबविण्याचा हक्क, हें दुसरें. आणि फेरविक्रीचा हक्क, हें तिसरें. माल नाशवंत असेल तर फेरविक्रीसाठीं नोटीसही द्यावी लागत नाहीं. माल टिकाऊ असेल तर आधीं नोटीस द्यावी आणि वाजवी मुदत संपल्यावर विकावें. दोन्ही प्रसंगीं भावांत आलेली तूट पहिल्या खरेदीदाराकडून भरून मागतां येते.

यावरून एक सरळ नियम निघतो. टोमॅटो, अंजीर, फुलें असला माल असेल तर वाट पाहत बसूं नये; त्याच दिवशीं दुसऱ्यास विकावा, पट्टी जपून ठेवावी आणि तुटीची मागणी मागाहून लेखी करावी. नारायणगांवच्या टोमॅटोवाल्यानें किंवा पुरंदरच्या अंजीरवाल्यानें चार दिवस वाट पाहणें म्हणजे मालाचें खत करणें होय. सोयाबीन, तूर, हरभरा यांस थोडी सवड असते; तेथें नोटीस देऊन, दोन दिवसांची मुदत घालून, मग विकावें. आमच्या वर सांगितलेल्या बंधूंनीं पहिल्याच दिवशीं एक लेखी संदेश पाठविला असता तर ३,६०० रुपयांची मागणी करावयास त्यांच्या हातीं कांहीं तरी पुरावा राहिला असता.

दुसऱ्या जातीचा खरेदीदार याहून घातक आहे, कारण तो आपल्या हातांतील एकमेव हत्यार, म्हणजे माल, आधींच काढून घेतो. नाशिककडील द्राक्ष बागाईतदारांचा अनुभव सर्वश्रुत आहे. परगांवचा व्यापारी बागेंत येतो, आरंभीं थोडी रोख रक्कम देऊन विश्वास संपादन करतो, भाव बाजारापेक्षां रुपया-दोन रुपयांनीं चढा बोलतो, आणि हंगामाच्या शेवटच्या गाड्या घेऊन नाहींसा होतो. नाशिक परिक्षेत्राचे तेव्हांचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनीं २०२० सालीं अशा तक्रारी घेण्याची खास मोहीम काढली. गुन्हे दाखल होऊं लागतांच कित्येक व्यापाऱ्यांनीं राहिलेले पैसे आणून दिले. म्हणजे त्यांच्यापाशीं पैसे नव्हते असें नव्हे. देण्याचें कारण नव्हतें!

धुळें जिल्ह्यांतील एका मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याची हकीकत याच वर्षाची आहे. त्यानें सुमारें ३ लाख ३२ हजार रुपयांचा मका व्यापाऱ्यांस विकला. २५ हजार रुपये हातीं आले, बाकी रक्कम १५ दिवसांत द्यावयाची ठरली, आणि चार महिने गेले तरी ती आली नाहीं. त्या वर्षीं झालेल्या केंद्राच्या नव्या व्यापार कायद्यांत तीन दिवसांच्या आंत पैसे देण्याचें बंधन होतें, व प्रांताधिकाऱ्यानें तक्रार ३० दिवसांत निकालांत काढावी असें म्हटलें होतें. त्या शेतकऱ्यानें अर्ज केला व त्याची बाकी वसूल झाली. २९ नोव्हेंबर २०२० च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत पंतप्रधानांनींही या गोष्टीचा उल्लेख केला. पुढें तीनही शेतकी कायदे २०२१ च्या नोव्हेंबरांत रद्द झाले, हें सर्वांस माहीत आहेच. त्या कायद्यांच्या बऱ्यावाईटाचा वाद येथें उकरून काढण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु त्यांतील एवढी गोष्ट जपण्यासारखी होती असें आमचें प्रामाणिक मत आहे: जवळचा अधिकारी, ठराविक मुदत, आणि वकिलावांचून करतां येणारा अर्ज. कायदा गेला म्हणून त्याची गरज गेली नाहीं.

चेक घेऊन माल देणाऱ्यांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. चेक परत आला म्हणजे पुष्कळ शेतकरी व्यापाऱ्याच्या दारांत खेटे घालतात, आणि त्यांतच मुदत निघून जाते. पराक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्याच्या १३८ व्या कलमाप्रमाणें चेक न वटल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोंचल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास त्यापुढील एक महिन्यांत फिर्याद करावी लागते. गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकाच्या दुपटीपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांतच तो बँकेंत गेला पाहिजे, हेंही विसरूं नये. ‘दिवाळीनंतर टाका’ असें म्हणून दिलेला चेक दिवाळीनंतर नुसता कागदच ठरण्याचा संभव असतो.

तिसरी जात नवीन आहे. मालाचा अथवा जुन्या ट्रॅक्टरचा, बैलजोडीचा सौदा फोनवर ठरतो. ‘पैसे पाठविले’ असा संदेश येतो, पावतीचें चित्रही येतें. गाडी भरून निघून जाते. आणि संध्याकाळीं बँकेंत पाहावें तों खात्यांत कांहींच नाहीं. दुसरा प्रकार असा कीं, ‘पैसे घेण्यासाठीं हें चित्र स्कॅन करा व पिन टाका’ असें सांगून उलट आपल्याच खात्यांतून रक्कम ओढली जाते. पैसे देण्यासाठीं पिन लागतो, घेण्यासाठीं कधींही लागत नाहीं, एवढें एक वाक्य घरांतील प्रत्येकानें पाठ करावें. संदेश म्हणजे पैसे नव्हेत. खात्यांतील शिल्लक म्हणजे पैसे. ती स्वतः पाहिल्याविना गाडीची दोरी बांधूं देऊं नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें; पहिल्या कांहीं तासांत रक्कम अडविली जाण्याची आशा अधिक असते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १८७५ सालीं याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें-पत्रें जाळलीं, आणि त्या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तेव्हां प्रश्न असा होता कीं, शेतकरी देणें लागतो त्याचें काय करावें. त्यासाठीं कोर्टें होतीं, व्याज होतें, जप्ती होती, लिलाव होता. आज प्रश्न उलटा आहे: शेतकऱ्याचें येणें आहे, त्याचें काय करावें? आणि येथें मात्र व्याजही नाहीं व जप्तीही नाहीं. सोसायटीचें पीककर्ज एक दिवस उशिरां भरलें तर शेतकऱ्याची व्याजाची सवलत जाते. व्यापाऱ्यानें त्याचे पैसे चार महिने वापरले तर त्यास ‘अडचण’ असें गोंडस नांव मिळतें. हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, शेतमालाच्या व्यवहारांत व्याज व सक्तीची वसुली शक्यच नाहीं. त्यांस आम्ही उसाकडे बोट दाखवूं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें ऊस दिल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानें दर दिला नाहीं तर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज देणें त्यास भाग आहे; आणि साखर आयुक्त, ज्यांची कचेरी आमच्या शिवाजीनगरासच साखर संकुलांत आहे, ते थकलेल्या कारखान्याविरुद्ध जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसुलीचे हुकूम काढूं शकतात. हा नियम नेहमींच पुरा पाळला जातो असें नाहीं. परंतु नियम आहे म्हणून मागतां तरी येतें. उसाला जें लागू आहे तें कांद्याला, सोयाबीनला व द्राक्षाला लागू कां नसावें? केंद्र सरकारनें २००३ सालीं राज्यांपुढें ठेवलेल्या बाजार कायद्याच्या नमुन्यांतही त्याच दिवशीं पैसे द्यावेत, उशीर झाल्यास दररोज एक टक्का अधिक द्यावा, आणि पांच दिवसांत न दिल्यास सहाव्या दिवशीं परवाना रद्द समजावा, अशी योजना होती. तेव्हां आम्ही कांहीं जगावेगळें मागत नाहीं.

परदेशांतील एक दाखला विचार करण्यासारखा आहे. हॉलंडांत १८८७ सालीं ब्रूक-ऑप-लांगेडाइक या गांवीं भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. पुढें आल्समेर येथें फुलांचा लिलाव जगप्रसिद्ध झाला. तेथें घड्याळाचा कांटा चढ्या भावावरून खालीं उतरतो, आणि जो प्रथम कळ दाबतो त्याचा माल. परंतु कांट्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तें लिलावघर उत्पादकांच्या सहकारी संस्थेचें आहे, व खरेदीदाराचे पैसे तें स्वतः वसूल करतें. खरेदीदारानें आधीं आपलें खातें व तारण तेथें ठेवलें असेल तरच त्यास बोली लावतां येते. आणि उत्पादकास पैसे लिलावघर देतें. खरेदीदार बुडाला तर तो प्रश्न लिलावघराचा, बागवानाचा नव्हे. लिलाव चालविणाऱ्यानें फी घ्यावी आणि जोखीम मात्र माल आणणाऱ्यानें उचलावी, ही रीत तेथें नाहीं.

व्यापारी बंधूंचें म्हणणेंही ऐकून घेणें न्यायाचें आहे. ते म्हणतात, ‘आमचा माल दिल्लीस, कलकत्त्यास जातो, तेथील पेढी पैसे महिन्यानें देते, मग आम्हीं त्याच दिवशीं कोठून द्यावेत? तारण मागाल तर लहान व्यापारी बाजार सोडतील, आणि दोन-चार बडे तेवढे उरून भाव पाडतील.’ यांत तथ्य नाहीं असें नाहीं. सांगली-तासगांवकडे बेदाण्याच्या सौद्यांत पैशास मुदत असते, आणि दिवाळीच्या सुमारास कांहीं दिवस सौदे बंद ठेवून मागील सर्व देणीं चुकतीं करण्याची, ज्यास तेथें ‘झिरो पेमेंट’ म्हणतात, ती रीत आहे. उधारी जेथें टाळतां येत नाहीं तेथें तिला निदान एक कुंपण असावें, हा त्यांतला शहाणपणा आम्हांस मान्य आहे. परंतु उधारी ही ठरवून, भाव चढा घेऊन, लिहून द्यावयाची गोष्ट आहे; लिलाव रोखीचा म्हणून लावावयाचा आणि मागाहून उधारीचा करावयाचा, याला उधारी हें नांव नाहीं. लहान व्यापाऱ्याच्या तारणाविषयीं म्हणावें, तर त्यानें आपल्या तारणाच्या मापानें बोली लावावी. एक लाखाचें तारण असेल तर एक लाखापर्यंत खरेदी, पैसे भरले कीं पुन्हां एक लाख. यांत लहानाचें नुकसान नाहीं. नुकसान आहे तें फक्त रित्या खिशानें मोठी बोली लावणाऱ्याचें.

आमच्या शेतकरी बंधूंचे दोषही झांकून ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. गोणीच्या तोंडाशीं निवडक कांदा व तळाशीं चिंगळी भरली, तर खरेदीदारास पैसे अडविण्याचें आयतें निमित्त मिळतें, आणि तेंही सर्वथा खोटें नसतें. दुसरें असें कीं, रुपयाच्या लोभानें आपण अनोळखी माणसास माल देतों आणि पट्टी मागावयास लाजतों. २०१६ च्या जुलईंत फळें व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला व अडत खरेदीदारावर गेली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु शिवारांत माल विकणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, तेथें परवाना, तारण व समितीची देखरेख यांपैकीं कांहींच आपल्या पाठीशीं नसतें. ज्याच्या नांवाची, पत्त्याची व पॅन क्रमांकाची खात्री नाहीं अशास माल देणें, आणि नंतर पोलिसांस त्यास शोधावयास सांगणें, हें विहीर न पाहतां उडी टाकण्यासारखें आहे. नुसतें देणें थकणें म्हणजे फसवणूक नव्हे. मुळापासूनच बुडविण्याचा हेतु होता असें दाखवितां आलें तरच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखालीं फौजदारी चालते. आणि तो हेतु दाखवावयाचा तो कागदांनींच.

आतां आमच्या सूचना थोडक्यांत सांगतों. एक, ई-लिलावांत बोली लावण्याआधीं प्रत्येक खरेदीदाराची अनामत बाजार समितीपाशीं असावी, आणि तिच्या मर्यादेपलीकडे पडद्यानें त्याची बोली घेऊंच नये. दोन, ठरलेल्या वेळेंत पैसे न आल्यास तो माल दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदारास त्याच्या भावानें आपोआप देऊं करावा, आणि दोन बोलींतील फरक पहिल्याच्या अनामतींतून शेतकऱ्यास मिळावा. तीन, पैसे खात्यांत जमा झाल्याची नोंद झाल्यावरच मालाचा फाटक-पास निघावा. चार, उशिरास उसाप्रमाणें व्याज असावें व वसुली महसुली रीतीनें व्हावी. पांच, एका बाजारांत बुडविणाऱ्याचा परवाना सर्व बाजारांत बंद व्हावा; ज्या यंत्रानें बोली देशभर पोंचते त्याच यंत्रानें अपकीर्तीही पोंचावयास हरकत काय? राज्याचें कृषि पणन मंडळ १९८४ पासून व पणन संचालकांची कचेरीही पुण्यांतच आहे. तेव्हां या सूचना त्यांच्या कानीं घालावयास आम्हांस दूर जावें लागणार नाहीं, आणि त्यांसही त्या ऐकूं आल्या नाहींत असें म्हणतां येणार नाहीं.

सरकार करील तेव्हां करील. आपणांस आजपासून करतां येण्यासारखेंही कांहीं आहे. आमच्या प्रत्येक सभासदानें एक साधी वही ठेवावी: तारीख, माल, वजन, भाव, खरेदीदाराचें नांव व पॅन, पैसे द्यावयाचा दिवस, मिळाल्याचा दिवस. वर्षाच्या अखेरीस गांवोगांवच्या या वह्या एकत्र केल्या म्हणजे कोणता खरेदीदार किती दिवसांनीं पैसे देतो तें आपोआप उघड होईल. बुडव्यांचीं नांवें चव्हाट्यावर मांडा, अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते. तिला आम्ही एकाएकीं होकार देत नाहीं. एकाच बाजूचें ऐकून कोणाचें नांव बदनाम करणें अन्यायाचें आहे, व त्यांत आपल्यालाच कोर्टांत खेंचलें जाण्याचाही संभव आहे. ज्याच्या हातीं पट्टी आहे, ज्यानें नोटीस दिली आहे, आणि खरेदीदारास उत्तर देण्यास पुरेशी मुदत मिळालेली आहे, अशींच प्रकरणें संघानें हातीं घ्यावींत. आणि जे खरेदीदार वेळेवर, बिनतक्रार पैसे देतात त्यांचाही आपण मोकळेपणानें मान ठेवावा. असे पुष्कळ आहेत, आणि बुडव्यांमुळें त्यांचाही धंदा बिघडतो. चार आणे कमी बोलून रोख देणारा व्यापारी हा चढी बोली लावून फोन बंद करणाऱ्यापेक्षां आपला शतपट मित्र आहे, हें आपल्या वागणुकींत दिसलें पाहिजे.

‘लबाडाचें आवतण जेवल्याशिवाय खरें नाहीं’ असें आपल्याकडे म्हणतात. पडद्यावर उमटलेली बोली हेंही एक आवतणच आहे. भाव म्हणजे पडद्यावर दिसणारा आंकडा नव्हे. खात्यांत जमा झालेली रक्कम हाच भाव. शेतकऱ्याच्या घरीं पेरणी, लग्न, औषधपाणी व मुलांची फी हीं सर्व या दुसऱ्या भावावर चालतात, पहिल्यावर नव्हे. तेव्हां यंदाच्या सुगींत आमच्या बंधूंनीं सर्वांत मोठी बोली कोणाची एवढेंच न विचारतां, ‘तिच्यामागें तारण काय?’ असा दुसरा प्रश्नही त्याच दमांत विचारावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे. हा प्रश्न एकट्यानें विचारला तर उर्मटपणा वाटेल. सर्वांनीं विचारला म्हणजे तोच बाजाराचा रिवाज होईल.